चिखलोलीच्या टेकडीवरचे तीन दगड

मित्रहो, आज पहिल्यांदाच जीपीएस यंत्र घेऊन, कुणा अनोळखी माणसाने लपवलेला डबा शोधायला चिखलोलीच्या टेकडीवर गेलो.

यंत्राने दाखवलेल्या जागी दगडांची रास होती. डबा कुणासमोर काढायचा नाही, असा या खेळाचा नियम. म्हणून जवळ गवत कापणाऱ्या बाईंची पाठ वळेपर्यंत थांबलो आणि तीन दगड उचलले.

"काय शोधतोस रे भाऊ?" त्यांनी वळून विचारलं.

"डबा."

"तिथं माझी नात पुरलीय. कोल्हे उकरतात म्हणून दगड रचलेत."

मी दगड परत ठेवू लागलो.

"राहू दे. मी ठेवते."

डबा न शोधताच उतरलो. यंत्र वीस-तीस फूट चुकतं, हे मला ठाऊक होतं. बाईंना आधी विचारलं असतं तर फक्त खेळ मोडला असता. तुम्ही विचारलं असतंत?