आवाज बंद झाला तेव्हा

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला आपल्या कानाचा भारी अभिमान. गिऱ्हाइकाने यंत्र आणलं की तो एकदा चाक फिरवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "शटलमध्ये दोरा अडकलाय." उघडलं की दोरा निघायचाच. मग तेलाचे दोन थेंब, खडखड बंद, काम फत्ते. "यंत्र गप्प झालं की समजायचं, बरं झालं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या गाळ्यात त्याची धाकटी बहीण कपड्यांना इस्त्री करायची. भाऊ मिस्त्री, बहीण इस्त्री, अशी लोक थट्टा करत. बहिणीला या कानाचं कौतुक कमी आणि वैताग जास्त होता.

मिस्त्रीच्या सहा वर्षांच्या मुलीला सगळे टकळी म्हणत, कारण तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही. तिला दमा होता. महिन्यापूर्वी ती जरा खोकली, तर मिस्त्री तिला उचलून दवाखान्यात धावला. तिथे टकळीने डॉक्टरीणबाईंना शाळेतलं अख्खं भांडण ऐकवलं. बाई हसल्या. "एवढं बोलतेय, म्हणजे आज घाबरायचं कारण नाही," म्हणाल्या आणि घाई कधी करायची ते कागदावर लिहून दिलं. बाहेर बसलेले लोकही हसले. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद त्याने न वाचताच स्क्रूच्या डब्यात टाकला. आता उगाच धावायचं नाही, असं ठरवून मोकळा झाला.

त्या दुपारी टकळी शाळेतून आली ती खोकतच. मिस्त्रीने तिला दम्याचा पंप दिला. फरक पडेना. छातीत शिट्टी वाजत होती. थोड्या वेळाने पुन्हा दिला. तिची आई कारखान्यात पाळीला गेलेली, तिथे फोन आत नेऊ देत नाहीत. जावं की थांबावं? पुन्हा हसं झालं तर? हात यंत्रात होता आणि जीव पोरीत. हातातला स्क्रू दोनदा खाली पडला.

मग खोकला कमी झाला. हळूहळू शिट्टीही थांबली. "सुटलो बाबा!" असं म्हणत मिस्त्रीने बाकावर चादर अंथरली आणि तिला झोपवायला उचललं. तेवढ्यात बहीण आत आली.

"दादा, हिचं तोंड बंद कसं?"

"दमलीय गं. छातीतला आवाज गेला बघ."

बहीण टकळीसमोर वाकली. "आज शाळेत काय झालं गं?"

"बाईंनी..." पोरीने दम घेतला. "चित्र..." पुन्हा दम. पुढचा शब्द आलाच नाही.

बहिणीने तिचा सदरा वर केला. प्रत्येक श्वासाला फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुगत होत्या आणि ओठ निळसर पडले होते.

"आडवी करू नकोस! अरे, ही बरी झालेली नाही. हिच्यात खोकायचंही बळ उरलं नाही!"

बहिणीने रस्त्यावर धावत जाऊन कपडे पोचवणारी गाडी थांबवली. मिस्त्रीने पंप घेतला, स्क्रूचा डबा उपडा करून कागद घेतला. गाडीत टकळीला मांडीवर ताठ बसवून तो पंप देत राहिला. आत्याने कागद उघडला. पहिलीच ओळ होती, 'पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर थांबू नका.' मिस्त्रीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

इस्पितळात डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तोंडावर लगेच ऑक्सिजनचा मास्क चढवला. "आवाज बंद झाला होता," मिस्त्री पुटपुटला.

"हवाच आत जात नाहीये," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "आवाज येणार कुठून?"

तेलकट हात अंगापासून लांब धरून मिस्त्री उभाच राहिला. बऱ्याच वेळाने ती ओळखीची शिट्टी त्याच्या कानावर आली. तो दचकला. "डॉक्टर, पुन्हा वाजायला लागलं!"

"वाजू दे. हवा जायला लागली."

मिस्त्री भिंतीला टेकला आणि सगळ्यांसमोर रडला. हसणाऱ्यांनी हसावं खुशाल.

चार दिवसांनी टकळी घरी आली. आता दुकानात ती चित्र काढताना जरा गप्प झाली, की मिस्त्रीचं चाक थांबतं.

"टकळी, शाळेत काय झालं आज?"

"बाबा, तिसऱ्यांदा सांगू?"

"सांग ना. सगळं सांग."