एकसष्ट पानं आणि एक फॉन्ट

२००५ च्या दिवाळीआधी घरचा सात वर्षांचा कॉम्प्युटर अपग्रेड करताना वडिलांनी लिहिलेली एकसष्ट पानं वाचता येईनाशी झाली. शाहूवाडीतल्या आमच्या बौद्धवाड्याच्या त्या आठवणी त्यांनी निवृत्तीनंतर थेट कॉम्प्युटरवर टाईप केल्या होत्या. कागदावर काहीच नव्हतं.

नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. मी रॅम वाढवली आणि जुनी हार्ड डिस्क एक्स्चेंजला देऊन मोठी घेतली. फाईल आधी कॉपी केली होती. मराठी फॉन्ट मात्र कॉपी करायचा राहिला, आणि तेव्हाचा मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाईप केला त्याच फॉन्टमध्ये वाचता यायचा. पानांवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसू लागली.

दुकानदार म्हणाला, "पावणं, फाईल हाय की सगळी. फॉन्ट तेवढा न्हाय. तुमची डिस्क कवाच पुसून विकली."

शहरातल्या तीन डीटीपीवाल्यांकडे फाईल नेली. कुणाचाच फॉन्ट जुळला नाही.

मी तेव्हा वृत्तपत्रात होतो. वडील म्हणाले, "दुसऱ्यांच्या चुका रोज छापतोस की. आता घरचीबी छाप. तोंड पाडू नगंस, मी परत लिवतो."

ते पुन्हा पहिल्या पानापासून टाईप करायला बसले. फेब्रुवारीत ते वारले. नव्या फाईलमध्ये नऊ पानं आहेत.