तात्यांच्या बाचा खोकला

"खोकायचं आसंल त्यानं आत्ताच खोकून घ्या."

फोनोच्या, म्हणजे चावीच्या जुन्या ग्रामोफोनच्या, तबकडीवर सुई ठेवायच्या आधी तात्या उजवा हात वर करायचे आणि समोर बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून एवढं वाक्य म्हणायचे. समोर मी एकटा असलो तरी म्हणायचे. मी उगाच घसा खाकरून दाखवायचो, मग चावी भरली जायची, मग सुई खाली. पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस अंमळ सरकलेला आहे. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

तात्या आणि मी बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या प्लँटमध्ये एकाच पाळीला होतो. ते बॉयलरवर, मी दूध तपासणीच्या टेबलावर. सणसरहून मोटारसायकलवर यायचे. एके दिवशी पाठीला हा एवढा पितळी कर्णा बांधून गेटवर हजर. वाटेत कुणाच्या तरी माळ्यावर सापडला होता आणि घरी परत जायला वेळ नव्हता. वॉचमन आत सोडेना, तात्या कर्णा खाली ठेवेनात, कारण जमिनीवर ठेवला तर पोचा पडेल. शेवटी कर्णा दिवसभर वॉचमनच्या खुर्चीवर बसला आणि वॉचमन उभा राहिला.

जुने फोनो आणि तबकड्या जमवायची त्यांची तऱ्हा निराळी होती. शौकीन लोक येतात ते घरातल्या कर्त्या पुरुषाशी घासाघीस करतात. तात्या घरातल्या बाईकडे जायचे. आधी प्यायला पाणी मागायचे, मग सहज माळ्याकडे नजर टाकायची, आणि मग पिशवीतून नवाकोरा मिक्सर काढून चुलीपाशी ठेवायचा. अडगळीतला बाजा जाऊन शेंगदाण्याचं कूट करायचं यंत्र येतंय म्हटल्यावर कोणती बाई नको म्हणेल? मालक शेतातून येईपर्यंत फोनो सणसरच्या वाटेला लागलेला असायचा. जाताना मागच्या सीटवर मिक्सर, येताना फोनो. इंदापूर तालुक्यातल्या निम्म्या चटण्या माझ्यामुळं बारीक झाल्या, असं ते छातीठोकपणे सांगायचे.

कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये एका म्हातारीने तबकडी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली होती. तात्यांनी ती मिक्सर देऊन सोडवली आणि त्या रविवारी मला जेवायला बोलावलं. त्यांच्या आई तेव्हा होत्या. डोळ्यांनी फारसं दिसायचं नाही, सोप्यात बसून लसूण सोलत होत्या. तात्यांनी हात वर केला, आम्ही खोकून घेतलं, तबकडी सुरू झाली. तमाशाच्या फडातलं गाणं होतं, मागे झीलकरी सूर धरून "जी रं जी" ओढत होते. गाणं संपलं, आणि सुई उचलायच्या आत तबकडीतच कुणीतरी खोकलं. एकदाच, आखडतं, तोंडावर हात धरल्यासारखं.

आईंचे हात थांबले. "ह्यो तुजा बा," त्या म्हणाल्या.

तात्यांचे वडील फडात झीलकरी होते एवढं मला ठाऊक होतं. तात्या रांगत होते तेव्हाच ते गेले. घरात त्यांचा एक फोटो नाही. तात्या कर्ण्यात डोकं घालून पुन्हा पुन्हा ते शेवटचं ऐकत राहिले. मागचे सूर तिघांचे एकमेकांत मिसळलेले, त्यात बाप कुठला हे आईलाही सांगता येईना. पण खोकला तेवढा एकट्याचा होता. आयुष्यभर दुसऱ्यांना खोकू न देणाऱ्या माणसाला बाप सापडला तो खोकल्यात.

तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की वहिनी, म्हणजे तात्यांची बायको, म्हणायच्या, "मामंजींचं लावा की." आणि सुई टेकायच्या आत डोक्यावरून पदर घ्यायच्या. सासरा कधी डोळ्यांनी पाहिला नाही, पण तो बोलणार म्हटल्यावर सुनेनं पदर घ्यायला नको? आम्ही हसायचो, त्या हसायच्या नाहीत. आई गेल्यावरही हा रिवाज चालूच राहिला.

मग कोरोना आला. टाळेबंदीच्या तोंडावरच पुण्याहून एक शौकीन ती तबकडी बघायला येऊन गेला होता. हातात घेऊन, उलटीपालटी करून, अगदी तोंडाजवळ धरून बघून गेला. पाठोपाठ निरोप आला, तो दवाखान्यात आहे. वहिनींनी घाबरून सगळं घर पुसायला काढलं. साखर कारखान्याने सभासदांना घरटी सॅनिटायझरचा कॅन वाटला होता, उसाच्या मळीपासून कारखान्यातच केलेला. कड्या, भांडी, दुधाची पिशवी, सगळं त्यानं पुसून झालं. आणि तात्या कामावर असताना ती तबकडीही.

दूध काही थांबत नाही, म्हणून आमचा प्लँट चालू होता. दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला लॉकरपाशी बोलावलं आणि टॉवेलात गुंडाळलेली तबकडी उघडून दाखवली. मी हबकलोच. रेघा कुठे दिसेनात. काळं काहीतरी गुळगुळीत, मधेच चिकट, फडक्याचे फराटे उमटलेले. या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. पाण्यानं लाखेला काही होत नाही, पण स्पिरिट लागलं की ती विरघळते. आणि सॅनिटायझर म्हणजे दुसरं काय असतं?

तात्या मास्क खाली ओढून हळूच बोलले. "म्हणाली, आपल्याच उसाचं हाय, त्यानं काय व्हतंय. काळं झालेलं फडकं बी दावलं मला. किती वर्सांचा मळ हुता बगा, म्हणाली. त्या फडक्यात माजा बा हुता गड्या."

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"काय म्हणणार? बेस केलंस, म्हणलं. मी मरू ने म्हणून पुसली तिनं. तिला कळलं तर ती झुरून मरंल. तू बोलायचं न्हाय."

ती तबकडी त्यांनी लॉकरातच ठेवली. मला वाटलं, आता रविवारी काय करतील? माणूस गप्प होणार, फोनो बंद होणार, घरात सगळं कळणार. टाळेबंदी उठल्यावर मी मुद्दाम रविवारी गेलो. वहिनी म्हणाल्या, "मामंजींचं लावा की," आणि पदर घेतला. तात्यांनी हात वर केला. आम्ही खोकून घेतलं. तबकडी लागली ती भलत्याच फडाची होती, पण झीलकरी होते आणि "जी रं जी" होतं. वहिनी नेहमीप्रमाणे उंबऱ्यापाशी पाठमोऱ्या बसून लसूण सोलत होत्या. गाणं संपलं. तात्या कर्ण्याकडे वाकले, तोंडावर हात धरला आणि खोकले. एकदाच, आखडतं. हुबेहूब.

मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तात्यांनी माझ्याकडे असे डोळे वटारले की मी गपकन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. साठीला आलेला माणूस बायकोला फसवायला चोरून खोकतो आहे, याला हसावं की काय करावं मला कळेना. एकदा तर शेजारच्याने खोकला ऐकून गावात वर्दी दिली आणि तपासणीवाले दारात आले. तात्या त्यांना सांगत होते, "त्यो माजा न्हाय, बाचा हाय." त्यांनी ऐकून घेतलं नाही. नाकात काडी घातलीच.

तात्या गेले ते असेच, काही न सांगता. प्लँटमध्ये चहा घेऊन बाकड्यावर टेकले आणि टेकले ते टेकलेच. कप हातात तसाच होता. मी बाजूला असून मला कळलं नाही. अजूनही पाळी सुटली की मी बॉयलरकडे बघतो.

दहाव्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या लॉकरातलं सामान घेऊन सणसरला गेलो. डबा, टॉवेल, चष्मा. ती तबकडी मात्र मी गाडीच्या डिकीतच ठेवली होती. पाहुणे पांगले होते. वहिनींनी पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढली, तळाशी हात घालून बघितलं आणि मला विचारलं, "भावजी, ती म्या पुसलेली तबकडी न्हाय आणली व्हय?"

मी खाली बसलो. तुम्हाला ठाऊक होतं, एवढंच कसंबसं विचारलं.

"पयल्याच रविवारी कळलं. सारा जलम ह्यांच्या शेजारी काढला, ह्यांचा खोकला मला वळखंना व्हय?"

"मग वहिनी, बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माज्या हातनं एवढं वंगाळ झालं, आन् मला कळू ने म्हणून ते खोकत हुते. मग मी बी पदर घेत ऱ्हायले. न्हाईतर त्यास्नी कळलं आसतं मला कळलंय म्हणून."

डिकीतली तबकडी आणून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पदरानं पुसली नाही, नुसती मांडीवर घेतली. मग फोनोकडे बोट दाखवून म्हणाल्या, "रविवार हाय. ते लावायचे ती लावा."

मी चावी भरली. हात वर केला, पण ते वाक्य काही तोंडातून निघेना. वहिनींनी डोक्यावरून पदर घेतला आणि उंबऱ्यापाशी पाठमोऱ्या बसल्या. भलत्याच फडाचं ते गाणं सुरू झालं, झीलकऱ्यांनी "जी रं जी" ओढलं, गाणं संपलं. सुई आतल्या कडेला खरखरत फिरत राहिली. खोकल्याची जागा आली होती, मी नुसता खाकरलो असतो तरी आवाज झाला असता. मी तोंडावर हात दाबून धरला. वहिनी मान किंचित कर्ण्याकडे वळवून ऐकत होत्या, आणि चावी उतरून फोनो आपोआप थांबेपर्यंत त्यांनी पदर काढला नाही.