मिनेसोटातला दीर

मिनिआपोलिसला मी उतरलो, बॅग मात्र न्यूयॉर्कलाच राहिली. चौऱ्याऐंशीचा जून होता. थोरला भाऊ घ्यायला आला होता. तो जवळच्याच ईडन प्रेरी गावात इंजिनीअर. चार दिवसांनी त्याचं लग्न होतं, मिलेना नावाच्या सर्बियन घरातल्या मुलीशी. आईने मला साताऱ्याहून पाठवलं होतं ते जमल्यास हे लग्न थांबवायला.

"मला कन्व्हिन्स करायला आलायस ना?" दादाने गाडीतच विचारलं.

"हो."

"आधी तिला भेट. मग बोल."

दुसऱ्या दिवशी गाडीने चार तास उत्तरेला, मिलेनाच्या घरी गेलो. तळी, बर्चची पांढरी झाडं, मग लोखंडाच्या खाणींची लाल माती, थेट महाबळेश्वरची. मिलेनाच्या आईने दारातच पोटित्सा (अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला गोड पाव) हातात दिला आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "जेव्हेर."

मिलेनाचे मामा कॉलेजात स्लाव्ह भाषा शिकवत. त्यांनी सांगितलं, "जेव्हेर म्हणजे नवऱ्याचा भाऊ. नवरीला हात धरून चर्चमध्ये तोच नेतो." मग कागदी बशीवर त्यांनी रशियन 'द्येविर', बल्गेरियन 'देवेर' लिहिलं आणि सगळ्यांच्या वर 'देवेरि', बाजूला एक चांदणी. "हा मूळ शब्द कुठे लिहिलेला सापडत नाही. या लेकरांच्या तोंडावळ्यावरून आम्ही तो ताडलाय. चांदणीचा अर्थ तोच."

मी खाली लिहिलं, 'दीर'.

मामा बशीकडे बघत राहिले. "संस्कृतातला देवर पुस्तकात भेटला होता. जिवंत आज भेटला."

सगळे हसले. मला मात्र अवघडल्यासारखं झालं. अंगणात गाठून मी मिलेनाला माझ्या येण्याचं कारण सांगून टाकलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तरी माझा हात धरून नेशील?"

आईला काय सांगायचं, हा विचार मनात आला. तरी मी हो म्हणालो.

लग्नाच्या सकाळी दादाचा ढगळ कोट घालून मी तिला घराबाहेर आणलं. हात धरूनच आम्ही चर्चकडे निघालो. रस्ताभर अकॉर्डियन वाजत होतं, म्हाताऱ्या बायका गात होत्या. मला एक शब्द कळत नव्हता, तरी मी इतका खुशीत क्वचितच चाललो असेन.

साताऱ्याला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. ती उठून आत निघून गेली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिने विचारलं, "आणि सुनेला काय म्हणतात त्यांच्यात?"

"स्नाहा."

तिच्या हातातली मेथी थांबली.

"म्हणजे स्नुषाच की," ती म्हणाली. "पत्र लिहायला घे. मी सांगते."

इतक्या दूर जाऊन मी काय आणलं, असं लोक विचारतात. मी म्हणतो, एक शब्द, ज्यामुळे आईने सुनेला पत्र धाडलं.