भाऊने न चाखलेला पेला

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. होळी होऊन गेल्यावर एका दुपारी बारमधून फोन आला की भाऊ काउंटरमागे कोसळला. मी गॅस बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला आणि धावले. नशिराबादला आमचं घर बारच्या मागच्याच गल्लीत, तरी त्या दिवशी मी पहिल्यांदा बारच्या पायऱ्या चढले. तोवर भाऊ गेला होता...

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे साक्रीकडचे. त्याने लग्न केलं नाही, मी विधवा होऊन त्याच्याकडे आले, तेव्हापासून घरात दोघंच. तो बारमध्ये पेले भरायचा आणि गळ्यात तुळशीची माळ घालायचा. दारूचा थेंब त्याने कधी जिभेला लावला नाही. गिऱ्हाइकं टोमणे मारायची, "काय भाऊ, गळ्यात माळ अन् हातात बाटली?" तो म्हणायचा, "दोन्हींच्या खुंट्या वेगळ्या आहेत, शेठ. तुम्ही घोट घ्या."

मग दीपनगरच्या वसाहतीतले एक साहेब यायला लागले. ते परदेशात राहून आलेले. तिकडे म्हणे काळ्या बियरमध्ये ब्लॅककरंट नावाच्या आंबटगोड फळाचं सिरप घालून पितात, तसं त्यांना हवं होतं. भाऊने जळगावच्या आइस्क्रीमवाल्याकडून सिरप आणलं. साहेब घोट घ्यायचे आणि मान हलवायचे, नाही, असं नाही. चव घेतल्याशिवाय कळणार कसं, आणि चव घेता येत नाही. एका दुपारी बार रिकामा असताना भाऊ बाटली आणि सिरप पिशवीत घालून घरी आला. मला वाटलं, वांगी आणली.

"जिभले लाव अन् सांग," तो म्हणाला. "कसं लागस?"

मी लाजेने पदर तोंडावर धरला. तो समोरच बसून राहिला. शेवटी मी लावलं. "जयेल भाकरसारखं लागस."

"अन् आते?" त्याने आणखी सिरप घातलं.

"आते खोकलानं औषध."

तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग कित्येक दुपारी आम्ही तेच केलं. मी चव घ्यायची, मोरीत थुंकायची आणि सांगायचं. एकदा मी म्हटलं, पहिल्यांदा जांभूळ, मागून करपलेली भाकर, आणि कडू आहे पण बरं वाटतं. त्या संध्याकाळी साहेबांनी पेला संपवून दुसरा मागितला. भाऊ घरी येऊन म्हणाला, "तुनी जीभ, मना हात." पुढे लांबलांबून लोक त्या पेल्यासाठी यायचे.

भाऊ गेल्यावर भेटायला आले तेव्हा बारचे शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "माळकरी माणूस, कधी चाखलं नाही. नुसत्या वासावर जमवायचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराआडून ऐकलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. जाताना शेठने काळी बियर आणि सिरप माझ्या हातात दिलं. "आखाजीला भाऊच्या नावाची घागर भराल ना अक्का, तिच्यापाशी हे ठेवा. त्याच्या आवडीचं."

आवडीचं... तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. गेलेल्याला आवडायचं ते ठेवतात, ते ठीक. पण हे त्याला आवडायचं का? त्याने चाखलंच नाही. माळ तर त्याच्या देहाबरोबर चितेवर गेली, मग आता तो मोकळा झाला का? की माळ तिकडेही गळ्यात आहे? ठेवलं तर मी जन्मभराचा त्याचा नेम मोडते. नाही ठेवलं तर ज्यात त्याचा एवढा जीव होता, ते त्याला कधीच मिळणार नाही. कोणाला विचारावं तर आधी माझ्या जिभेचं सांगावं लागेल, आणि लोक म्हणतील, स्वतः नेम पाळला अन् बहिणीला पाजली.

आज आखाजी. सकाळी घागर भरली, वर आंबा आणि सांजोरी ठेवली, विस्तवावर सांजोरीच्या घासाची आगारी टाकली. मग दार लोटून घेतलं आणि पेला केला. खाली सिरप, वरून बियर कडेकडेने. घागरीपाशी ठेवायला हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. ठेवता येईना, मागे घेता येईना.

मग मी घोट घेतला. जरा वेळ तोंडात धरला.

"भाऊ," मी घागरीला म्हटलं, "पहिलं जांभूळ. मांगथून भाकर. आज जरासं गोड व्हयनं."

पेला मोरीत ओतला आणि धुऊन पालथा घातला.