डिस्कवरचं कुंकू

धाकट्या भावाच्या गेमची डिस्क कॉम्प्युटरवर उतरवायला बसलो, तेव्हा वाटलं होतं, चहा होईपर्यंत काम आटोपेल. कसलं काय! पार डोकं फिरायची वेळ आली.

भाऊ पारोळ्याहून मोटारसायकलवर येताना अपघातात गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. टीव्हीला जोडायचं त्याचं गेमचं मशीन आईने अजून फडक्याखाली झाकून ठेवलंय. गाड्यांच्या शर्यतीचा गेम. शर्यत जिंकली की एक धून वाजायची आणि जळगावच्या आमच्या दोन खोल्यांत पठ्ठ्या त्यावर नाचायचा. आईला तेवढी धून हवी होती. "एकदा ऐकू दे रे," म्हणायची. पण मशीन डिस्कच घेईना.

धुळ्यात माझ्या मित्राचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो फोनवर म्हणाला, "दोनदा उतरव. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या, तरच खरी." माझ्या काही जुळेनात. गेम नीट उतरायचा आणि शेवटी, अगदी कडेला, जिथे धून होती, तिथेच घोडं अडायचं. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसून पाहिलं. वेग कमी केला. मित्राने एसटीने त्याचा जुना ड्राइव्ह पाठवला, तोही तिथेच अडकला.

"नेटवरून घे ना बाबा, दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलो. नेटवरची धून कुणाचीही असेल, या डिस्कला माझ्या भावाचा हात लागलेला होता.

"बरं, दिव्यासमोर धर," तो म्हणाला. फोन स्पीकरवर ठेवून मी डिस्क धरली. कडेला बारीक बारीक भोकं, त्यांतून उजेड येत होता.

"चित्राच्या बाजूला काही लागलंय का? गेम त्या चित्राच्या खालीच असतो. वरचा थर एकदम पातळ."

लागलं होतं. शाळेत असताना भावाने दसऱ्याला शस्त्रपूजेच्या पाटावर विळी, कात्री, वडिलांच्या पान्यांशेजारी ही डिस्क ठेवली होती. "हे रे कसलं हत्यार?" वडील ओरडले. "माझं!" तो म्हणाला. आई हसली आणि तिने डिस्कलाही ओलं कुंकू लावलं. चित्रातली गाडी झाकायला नको म्हणून अगदी कडेला. तो गेल्यावरही तिने एक दसरा चुकवला नाही.

"ओलं कुंकू? मग संपलं," मित्र म्हणाला. "त्यात चुना असतो, क्षार असतात. खाऊन टाकलं असेल त्याने."

मागे कपबशी वाजली. आई चहा घेऊन दारात उभी होती.

"मंग मीच पुसी टाकं का त्याले?"

"नाही गं आई, डिस्कच जुनी झालीय," मी म्हणालो. मित्रही घाईघाईने हो-हो म्हणाला.  आई चहा ठेवून आत गेली. मला रडू आलं आणि त्या मित्राचा, त्या कुंकवाचा, सगळ्याचाच राग आला.

यंदाच्या दसऱ्याला तिने पाट मांडला. विळीला कुंकू लावलं, माझ्या स्क्रूड्रायव्हरला लावलं. डिस्कपाशी बोट थांबलं. ते तिने पदराला पुसलं आणि डिस्कपासून लांब एक झेंडू ठेवला.

"आते वाजी का रे ते?"

तिच्या तोंडाकडे मला बघवेना. मी डिस्क उचलून आत गेलो, नेटवरून ती धून उतरवली आणि मोठ्याने लावली. काय करणार होतो दुसरं? आई पाटासमोर बसून डोळे मिटून ऐकत राहिली. धून संपल्यावर तिने माझा हात धरला.

"देख," ती म्हणाली, "यंदा मी कुंकू नही लावं, तं वाजनी ना."