पिवळा ठिपका

आमच्या आण्णांनी आवळलेला नट दुसऱ्या कुणाला सुटायचा नाही, आणि याचा त्यांना भयंकर अभिमान. जन्मभर उद्यमनगरात फिटर. नट नीट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही कारखान्यातली सवय त्यांनी घरी आणली. नळ, सायकल, शिलाई मशीन, सगळीकडं पिवळे ठिपके. नळाचा वायसर बदलायचा तरी आई त्यांची ड्यूटी सुटायची वाट बघायची.

दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. पाय जरा सावरला, हात लुळाच राहिला. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातनं तीनदा व्यायामाला आणा, खाडे केले तर हात असाच राहील. उचगावातनं रिक्षानं न्यावं तर आत बसताना पाय वळायचा नाही, म्हणून आमची जुनी छोटी गाडी. नेमकी तीच रविवारी दारात बसली. पुढचं चाक फिरवणारा शाफ्ट गेला. मेस्त्रीनं नवा शाफ्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "उद्या सोमवार, सुट्टी. मंगळवारी दुपारी बघू." मंगळवारी सकाळीच व्यायाम होता, आणि आधीच दोन खाडे झाले होते. म्हटलं, मीच बसवतो. कुठनं ही बुद्धी सुचली कुणास ठाऊक.

शाफ्ट काढायचा तर आधी चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट सुटायला पाहिजे. बायको ब्रेक दाबून बसली, मी पान्याला जोर लावला. नट हलायचं नाव घेईना. रॉकेल ओतलं, हातोड्यानं ठोकलं, शेवटी पान्याच्या दांड्याला तीन फुटी पाईप घालून त्यावर उभा राहिलो. पाना निसटला आणि मी गुडघ्यावर आपटलो. आण्णा दारात खुर्ची टाकून सगळं बघत होते.

"जोर न्हाय रं तुझ्यात," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "कुठल्या गाढवानं आवळलाय हा?"

मी नटावरचा चिखल खरवडला, तर खाली पिवळा ठिपका. लाज वाटायला पाहिजे होती, पण मला आणखीच तिडीक आली. त्यात हा नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून त्याची कड एका ठिकाणी छिन्नीनं आत ठोकतात, ती यांनी तीन ठिकाणी ठोकलेली.

"एका ठिकाणी पुरलं नसतं का, आण्णा?"

"तुम्ही समदी बसत हुता की त्या गाडीत."

तिन्ही ठिकाणची कड छिन्नीनं उचलली, परत पाईपवर चढलो, तेव्हा कुठं तो नट कर्रकन सुटला. नवा शाफ्ट बसवून नवा नट आवळेपर्यंत चार वाजले. मग आण्णा पाय ओढत आले. उजवा हात डाव्या हातानं उचलून पान्यावर ठेवला आणि दाबला.

"ढिला हाय."

"पाईप लावून आवळलाय, आण्णा."

"ढिला हाय म्हटलं की."

चरफडत पुन्हा पाईप लावला. नट खरंच पाव फेरा फिरला. वर तोंड करून बघायचीसुद्धा सोय राहिली नाही.

मी नव्या नटाची कड छिन्नीनं ठोकली, मग त्यांनी रंगाची डबी मागितली. ब्रश उजव्याच हातात पाहिजे होता. बोटं मिटेनात, ती मी मिटवली. ठिपका नटापासून चार बोटं लांब, चाकावर पडला.

"पूस त्यो," ते म्हणाले. "आवळलायस तू. ठिपकाबी तूच दे."

दिवसभर त्यांच्यावर खेकसलो होतो, त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. नटावर मी ठिपका दिला. चाकावरचा पुसला नाही.

मंगळवारी वेळेवर पोचलो, पुढं एकही खाडा केला नाही. हात काही सुधारला नाही. नंतर मी साधा नळाचा वायसर जरी बदलला तरी आण्णा खुर्चीवरनं विचारायचे, "ठिपका दिलास का?" आणि मी वैतागून म्हणायचो, दिलाय की.